सगळ्यांचा धक्का

अक्कांना बोट लागायची. बोट किनाऱ्याला बांधलेली असली तरी नुसतं तिच्यात बसून त्यांचा चेहरा उतरायचा. तरुणपणी एकदा भरती-ओहोटी मोजायचं यंत्र बसवायला त्या खाडीत गेल्या होत्या. परत आल्यावर वाळूत आडव्या पडल्या आणि यापुढे समुद्राची सगळी कामं मी जमिनीवरूनच करणार, असं त्यांनी सांगून टाकलं म्हणे. तो शब्द त्यांनी पाळला. आज कर्नाटकच्या किनाऱ्यावर, कुमट्याच्या खाली, खाडीच्या तोंडाशी, चार संस्थांचे संशोधक मिळून वापरतात ती प्रयोगशाळा, तो धक्का आणि ती बोट या बाईंमुळे आहे, हे सांगितलं तर नवी मुलं हसतात.

अक्का मूळच्या चिकोडीकडच्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मी पुण्याहून बेंगळुरूच्या आमच्या संस्थेत कंत्राटावर आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात एक नको असलेलं काम पडलं होतं, इतर संस्थांशी जुळवून घेण्याचं. मी त्यांच्या हाताखाली लागले. के. आर. पुरमच्या माझ्या खोलीतून दर रविवारी त्या मला राजाजीनगरच्या घरी बोलावून घ्यायच्या. तिथे काका, म्हणजे त्यांचे यजमान, मला कन्नड मुळाक्षरं गिरवायला लावत. निवृत्त शिक्षकाला तेवढंच काम. मी कुरकुर केली की अक्का आतून म्हणायच्या, "पोरी, लोकांची भांडणं सोडवायची हायत आपल्याला. त्यांच्या भाषेत स्वल्प तरी बोलता आलं पाहिजे की."

भांडणं होतीच. एका संस्थेकडे बोट होती, पण तिच्यावर लावायला यंत्रं नव्हती. दुसरीकडे यंत्रं खोक्यांत पडून होती आणि बोट नव्हती. प्रत्येकाला स्वतःची इमारत, स्वतःचा धक्का, स्वतःचा फलक हवा होता आणि पैसे देणारे म्हणत होते की एवढं सगळं वेगवेगळं कशाला. सगळ्यांत अडून बसले होते राव सर. ते एका मोठ्या संस्थेचे संचालक, हुशार आणि तिरसट. अक्का त्यांच्या दाराबाहेर जाऊन बसायच्या. भेट नाकारली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी त्यांनी आत बोलावलं तेव्हा अक्कांनी एवढंच विचारलं, "समुद्र एकच हाय सर, मग आपण चौघांनी चार ठिकाणी पाय भिजवून काय मिळवायचं?"

राव सरांना ते पटलं नाही. पण जागा बघायला यायला तयार झाले. अक्कांची अट होती की सगळ्यांनी एकाच गाडीतून जायचं. देवनहळ्ळीकडे राहणारे एक प्राध्यापक स्वतःच्या गाडीने येतो म्हणाले, तर अक्कांनी आमची गाडी आधी त्यांच्या दारात नेली. तुमकूरपर्यंत गाडीत कुणी तोंड उघडलं नाही. घाट लागला तेव्हा राव सरांना मळमळायला लागलं आणि अक्कांनाही. दोघं रस्त्याच्या कडेला लिंबाच्या फोडी चोखत उभे होते. तिथून पुढे गाडीत गप्पा सुरू झाल्या. त्या प्रवासानंतर चार महिन्यांत चारही संस्थांच्या सह्या झाल्या आणि पैसा मंजूर झाला.

मग अक्कांनी ते काम स्वतःच थांबवलं.

ठरलेली जागा कागदांवर रिकामी वाळू म्हणून दाखवली होती. आखणी करायला आम्ही गेलो तर तिथे बायका मासळी वाळत घालत होत्या. गिरिजा नावाची एक बाई पुढे आली. तिने आरडाओरडा केला नाही. आम्ही इथून उठलो तर बसायचं कुठे, एवढंच तिने विचारलं. अक्का तिच्याजवळ फतकल मारून बसल्या आणि दुपारपर्यंत तिथून उठल्या नाहीत. परत येताना गाडीत म्हणाल्या, "इथं बांधायचं नाही. दुसरीकडं शोधूया."

बेंगळुरूला यावरून वादळ उठलं. जागा बदलायची म्हणजे परवानग्या पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर मंजूर पैसा परत जाणार. बैठकीत लोक अक्कांना नाही नाही ते बोलले. मीही घाबरले होते, कारण माझं कंत्राट याच कामावर होतं. अक्कांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "सरी," म्हणाल्या. कन्नडमध्ये सरी म्हणजे 'ठीक आहे', पण त्यांचं सरी म्हणजे बोलणं संपलं. पुढच्याच महिन्यात ते काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिलं गेलं.

त्यांनी तक्रार केली नाही. रजा टाकून, बसने त्या किनाऱ्यावर जात राहिल्या. कधी मी सोबत असे, कधी काका. गावच्या लोकांशी बोलून खाडीच्या पलीकडच्या अंगाला, पडक्या गोदामाशेजारी जागा सापडली. तिथला धक्का गावच्या होड्यांनाही वापरू द्यायचा, या बोलीवर गावाने होकार दिला. पण पैशाचा मोठा भाग तोवर परत गेला होता. तेव्हा राव सरांनी आपल्या संस्थेत बांधायची ठरलेली नवी प्रयोगशाळा रद्द केली आणि तो निधी इकडे वळवला. त्यांच्या माणसांना ते मुळीच आवडलं नाही. असं का केलंत, म्हणून मी त्यांना एकदा धीर करून विचारलं. ते कन्नडमध्ये म्हणाले, "त्या बाईंनी स्वतःसाठी एकदा तरी काही मागितलं असतं, तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं."

उद्घाटनाच्या वेळी अक्का निवृत्त झालेल्या होत्या. कोनशिलेवर त्यांचं नाव नाही. त्या मागच्या रांगेत गिरिजाशेजारी बसल्या होत्या आणि भाषणं चालू असताना दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं.

पुढे त्यांचं हृदय थकलं. जिना चढणं बंद झालं. मी रविवारी जात राहिले. एका रविवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि किनाऱ्यावरच्या केंद्रात कायम राहायला माणूस हवाय, तू जा, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला अशा अवस्थेत सोडून कशी जाऊ? त्या म्हणाल्या, "मला बघायला काका हायत. तिथं कोण हाय? माणसं राहिली नाहीत तर चारी संस्था पुन्हा आपापल्या वाटेनं जातील बघ." निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. जा म्हणणं त्यांनाही जड जात होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी गेले. तीन महिने झाले असतील. एका पहाटे बोट निघायच्या तयारीत होती. चारही संस्थांची मुलं यंत्रं चढवत होती आणि काकांचा फोन आला. अक्का झोपेतच गेल्या होत्या. आजची फेरी रद्द करते, मी म्हटलं. काका म्हणाले, "नको. बोट जाऊ दे. तू ये."

मुलांना काही न सांगता मी बोट रवाना केली. गिरिजाला सांगितलं. तिने हातातली टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि मला बसपर्यंत सोडायला आली.

राजाजीनगरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळं आटोपलेलं होतं. काका आत पडून होते. दारात राव सर घरच्या माणसासारखे उभे होते, येणाऱ्याला पाणी देत होते, खुर्च्या लावत होते. मला बघून जवळ आले.

"बोट गेली का?" त्यांनी विचारलं.

गेली, म्हटलं.

"चारही संस्थांची मुलं होती?"

"होती सर. सगळी होती."

त्यांनी मान हलवली. हातातली खुर्ची भिंतीला टेकवली, तिच्यावर बसले, आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले.