पाळकघर रिकामं करण्याविषयी

पप्पांना माती देऊन पंधरा दिवस झाले नव्हते, तेव्हा चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी एक लिफाफा घेऊन घरी आले. आत दोन कागद होते. एक पप्पांच्या गौरव सभेचा कार्यक्रम आणि दुसरं महिनाअखेर पाळकघर रिकामं करून देण्याचं पत्र. निदान दोन वेगळे लिफाफे तरी करायचे, असं मला आजही वाटतं.

पाळकघर म्हणजे चर्चच्या आवारातल्या तीन खोल्या. पाळक, म्हणजे पास्टर, कामावर असेपर्यंत त्या त्याच्या, नंतर पुढच्याच्या. हा नियम मला लहानपणापासून ठाऊक होता. पण पप्पा कामावर असतानाच गेले, आणि त्या तीन खोल्यांत आता माझी सत्तरीतली आई एकटी उरली होती. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय गोड. आईनं दिलेला चहा पीत ते मला म्हणाले, "ताई, देखो, नियम तो नियम आहे. नवीन पास्टर येतायत, त्यांची फॅमिली आहे. आपल्यालाच समजून घ्यावं लागेल ना." मग त्यांनी स्मरणिकेसाठी पप्पांचा एक चांगला फोटो मागितला. आईनं उठून दिला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

पप्पा नगरकडचे. तरुणपणी इंदूरला आले आणि इथलेच झाले. शहरातली मंडळी सांभाळून उरलेला सगळा वेळ ते सांवेर आणि गौतमपुऱ्याच्या बाजूच्या गावांत असत. नव्या मंडळ्या उभ्या करणं हेच त्यांचं खरं काम होतं आणि त्याची त्यांची एक रीत होती. नव्या गावात गेल्यावर पहिलं वर्षभर ते उपदेशाचा एक शब्द बोलत नसत. तहसीलबाहेरच्या बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. जमिनीचं नामांतरण, रेशन कार्ड, विधवा पेन्शन, जे असेल ते. लोक त्यांना अर्जीवाले पास्टरजी म्हणायचे. मग कधीतरी कुणीतरी आपण होऊन घरी बोलावायचं, ओसरीवर दोन भजनं व्हायची, आणि तिथून सुरुवात. एकदा कुणाच्या तरी तक्रारीवरून त्यांना ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं, तर तिथल्या शिपायाच्या बदलीचा अर्ज लिहूनच परत आले.

गावातलाच कुणी मंडळी सांभाळायला तयार झाला, की पप्पा तिथून निघायचे. निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगायचे, की इथली एक वीटसुद्धा माझ्या नावावर नाही आणि कधी होणार नाही. असं त्यांनी अकरा ठिकाणी सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मीही लहान असताना रडले आहे. त्या वाक्याचा अर्थ आमच्या घरापुरता काय होतो, हे तेव्हा कळायचं माझं वय नव्हतं. त्यांचं मात्र होतं.

खरं तर आमच्याकडे एक जागा होती. माझे आजोबा, आईचे वडील, इथल्या गिरणीत टाइमकीपर होते. त्यांनी सांवेरच्या अलीकडे एक लहानसा प्लॉट घेतला होता आणि लग्नात आईला दिला होता. जावई पाळक आहे, म्हातारपणी यांना कुणी विचारणार नाही, हे त्या व्यवहारी माणसानं ओळखलं असावं. पुढे सांवेरची मंडळी वाढली. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये उपासना चालायची आणि सोयाबीन आलं की पोत्यांसाठी सगळ्यांना बाहेर निघावं लागायचं. एका रविवारी तिथून परतल्यावर पप्पांनी आईकडे तो प्लॉट मागितला. मी बारावीत होते, शेजारच्या खोलीत अभ्यास करत होते. आईनं एवढंच विचारलं, की मग आपण पुढं कुठं राहायचं. पप्पा म्हणाले, "मंडळी आहे ना."

आईनं सही केली. आज त्या प्लॉटवर पक्कं प्रार्थनाघर आहे.

मी पप्पांवर प्रेम केलं, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि ते गेले म्हणून आता करीन असंही नाही. स्वतःचं देऊन टाकणं मोठेपणाचं, मान्य. बायकोचं देऊन टाकणं सोपं असतं.

आणि आईचं काम? पप्पांचं हिंदी पुस्तकी, त्यात नगरचा हेल. गावातल्या बायका मान डोलवायच्या आणि त्यांना ओ की ठो कळायचं नाही. उपासना संपली की आई त्यांच्यात जाऊन बसायची, भाजी निवडता निवडता तोच उतारा इथल्या माळवी बोलीत सांगायची. माळवी ती आमच्या दूधवालीकडून शिकली होती. त्यातल्या कितीजणींना तिनं अक्षर ओळखायला शिकवलं, ते तिलाही आठवत नाही. स्मरणिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं, त्यात पप्पांवर चोवीस पानं होती. सांवेरच्या जागेबद्दल लिहिलं होतं, 'पाळकसाहेबांनी स्वतःची जागा प्रभूच्या कार्यासाठी अर्पण केली.' आईबद्दल लिहिलं होतं, 'त्यांना सुशील पत्नीची साथ लाभली.' मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. बापाला म्हैस म्हणवत नाही, पण दूध काढणारे मी डोळ्यांनी पाहत होते.

मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन कमिटीसमोर गेले. आईला आवारातली एखादी खोली तरी द्या, मागची कोठारघराची खोली रिकामीच असते, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकजण म्हणाले, प्रार्थना करू. दुसरे म्हणाले, असं एकाला दिलं की पायंडा पडतो. तिसऱ्यांनी विचारलं, "आप हैं ना, ताई?" मी आहेच. माझ्या दोन खोल्यांत सासू-सासरे आहेत, मुलं आहेत, आणि तरी मी आईला कधीच चल म्हटलं होतं. ती म्हणाली होती, तुझ्याकडे चार दिवस येईन. राहायला येणार नाही, माझं घर त्यांनी द्यायचं आहे.

गौरव सभेला चर्च भरलं होतं. बाहेर मांडव, मांडवात गावांकडून आलेली माणसं, कारण आतल्या खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. सात वक्ते, सातही पुरुष. प्रत्येकानं अकरा मंडळ्यांचा उल्लेख केला. शेवटी आईला शाल दिली आणि रीत म्हणून सेक्रेटरींनी विचारलं, की काकू, दोन शब्द बोलाल का. ती नाही म्हणेल अशी त्यांची खात्री होती. माझीही होती.

आई माइकपाशी गेली. म्हणाली, "सगळे ह्यांच्याबद्दल चांगलं बोललात. खरंच बोललात. फक्त सांवेरची जागा ह्यांची नव्हती, माझी होती. ह्यांनी मागितली, मी दिली. दिल्याचं मला दुःख नाही." मग तिनं पर्स उघडून घराची किल्ली काढली आणि हात पुढे धरला. "महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलंय. मी आजच करते. ही किल्ली कुणी घ्यायची ते पुढं येऊन घ्या."

कुणी पुढं आलं नाही. सेक्रेटरी हातातली स्मरणिका चाळायला लागले. अध्यक्षांनी चष्मा पुसला. अर्ध्या तासापूर्वी रडणारी दोनशे माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती, आणि आईनं किल्ली तशीच पुढे धरली होती.

तेव्हा मांडवातून एक बाई आत आली. सांवेरची, आईनं अक्षर शिकवलेल्यांपैकी पहिली, आता स्वतः नातवंडांची आजी. चपला दाराशी काढून ती मधल्या वाटेनं सरळ आईपर्यंत गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "बाईजी, अपने घर चलो. कमरा खाली है." सभेतून सुटकेचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला. मागून कुणीतरी हल्लेलूया म्हणालं.

आईनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. माइक चालूच होता.

"तू बोलावलंस, पोचलं मला," आई म्हणाली. "पण मी येणार नाही. मी तुझ्याकडे आले की हे सगळे सुटतील."