ग्रस्तोदित चंद्र

आमच्या घरात पंचांग नव्हतं. रेणापूरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं सात, आणि सातही घरांत आजोबांच्या पिढीपासून ही शिस्त चालत आलेली: तिथी, मुहूर्त, राशी हे आपलं नाही, ते भिंतीवर टांगायचं नाही. भिंतीवर मिशनचं कॅलेंडर असायचं, त्यात रविवार तेवढे लाल. पौर्णिमा आभाळाकडे बघून समजायची. या गोष्टीचा आम्हाला चांगलाच ताठा होता.

बाबा शिंपी होते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा लातूरहून यायचे, बाकीच्या रविवारची उपासना बाबाच चालवायचे. दुष्काळ पडला आणि कपडे शिवायला कोणी येईना. मशीन झाकून ठेवलेली, हात रिकामे, आणि त्या रिकामपणात ते पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेवटच्या भागात जाऊन बसले. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं दाराच्या आतल्या बाजूला जगाच्या अंताची चिन्हं लिहू लागले. दुष्काळ. लढाया. रोगराई. तिसरा शब्द लिहिताना त्यांनी आईकडे पाहिलं नाही.

आईला टीबी होता. नांदेडला माझ्या मावशीकडे राहून तिची तपासणी झाली होती. दीड वर्षाचा कोर्स, त्यातले सात महिने झालेले. सुया संपून नुसत्या गोळ्या राहिल्या होत्या, खोकला थांबला होता, अंग धरायला लागली होती. उरलेले महिने गोळी चुकली नाही तर ही बाई वाचते, चुकली तर सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. बाबांना एकदाच सांगितलं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा ऐकून घेतलं नाही.

मी तेव्हा लातूरला जिल्हा कचेरीत टायपिस्ट होते. जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं होत आलेली, तरी धाराशिवहून आलेल्या फायलींचे गठ्ठे अजून सुटले नव्हते, खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. नवा जिल्हा झाला नसता तर मला नोकरी लागली नसती, आणि नोकरी लागली नसती तर मला पंचांग दिसलं नसतं. हेडक्लार्कच्या पाठीमागे ते खिळ्याला लटकलेलं असायचं. चैत्र पौर्णिमेच्या चौकटीत बारीक अक्षरात छापलं होतं: खग्रास चंद्रग्रहण, ग्रस्तोदित. मी अर्थ विचारला. हेडक्लार्क म्हणाले, "ग्रहण लागलेलाच उगवणार, बाई. लागताना दिसायचं न्हाई. उगवतानाच लाल."

त्याच्या आधीच्या महिन्यात पहाटे दक्षिणेला शेपटीचा तारा दिसू लागला होता. मला तो नीट दिसलाही नाही, धुरकट ठिपका होता. बाबांनी मात्र सातही घरं उठवली आणि दारावर चौथी ओळ लिहिली. "आता एकच राह्यलं," ते म्हणाले. "चंद्राचं रक्त व्हायचं." पाळकसाहेबांनी त्यांना समजावलं होतं की ती घटका कोणालाच ठाऊक नाही, आपण दिवस मोजत बसू नये. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा दारापुढे बसले.

मी त्यांना ग्रहणाचं सांगितलं नाही. का नाही, हे आता लपवण्यात अर्थ नाही. मला त्यांचा राग होता. दोन वर्षं मशीनला हात नाही, घर माझ्या पगारावर चाललेलं, आणि रुबाब संदेष्ट्याचा. म्हटलं, होऊ दे चंद्र लाल, तासाभरात पांढरा होईल, सगळ्यांसमोर तोंडघशी पडतील आणि गुमान शिवायला बसतील. वडिलांची फजिती बघायला मी रजा काढून गावी गेले.

गावात त्या दिवशी मारुतीचा जन्म, पहाटेपासून कर्णे लागलेले. त्या गलक्यात प्रार्थना व्हायची नाही म्हणून बाबा आदल्या दिवशीच मंडळीला घेऊन माळावर गेले होते. तीन दिवसांचा उपास. आईला गोळ्यांसाठी भाकरी खायची परवानगी होती, पण ती सगळ्यांकडे पाठ करून खायची. गावात त्या दिवशी घराघरांत ग्रहणाचीच चर्चा असणार, पण माळावर ती पोचली नाही. पौर्णिमा होती, म्हणून आम्ही तीसेक माणसं चंद्राची वाट बघत पूर्वेकडे तोंड करून बसलो होतो.

दिवस मावळला. आभाळात सगळी धूळ. त्या धुळीतून चंद्र वर आला तो गडद लाल, कडा नसलेला. मला माहीत होतं, तरी मी शेजारच्या बाईचा हात धरला. बायका ओरडल्या, कोणीतरी गीत सुरू केलं आणि अर्ध्यात सोडलं. बाबा गुडघ्यावर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी उघडलं नाही.

थोड्या वेळानं चंद्राची एक कड उजळली. मंडळीतला एक पोक्त गडी भीतभीत म्हणाला, "मास्तर, गिरण तर न्हाई ना?"

शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. बाबांनी डोळे पुसले. "गिरण लागताना दिसतं. आधी पांढरा, मग काळा. ह्यो रक्ताळलेलाच उगवला. कधी बगितलं होतं का असं?"

कोणीच बघितलं नव्हतं. मग एक म्हातारी बाबांना म्हणाली, "मास्तर, जगाचा अंत होऊन नवं शरीर मिळायचं हाय म्हणता, मग तुमच्याच घरात गोळ्या कशाला?" सगळ्या माना आईकडे वळल्या. बाबांनी गोळ्या टाक असं म्हटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. आईच म्हणाली, "रक्तच हाय ते. मी बगितलं."

तिनं दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. मला ते दोन महिन्यांनी कळलं. शनिवारी मी आले की ती माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायची आणि परसात जाऊन थुंकायची. बाबांना माहीत होतं. त्यांना तो विश्वास वाटत होता.

खोकला परत आला तेव्हा मी तिला ओढत नांदेडला नेलं. तीच औषधं पुन्हा सुरू झाली, पण आता ती लागू पडेनात. मावशीच्या घरी, रक्ताचं वाडगं धुऊन आणल्यावर, मी एकदाची ओरडले, "आई, ते ग्रहण होतं गं! पंचांगात छापलं होतं!"

"मला ठाव होतं," ती म्हणाली.

दुष्काळात आम्ही ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचो, त्याच्या बायकोनं तिला चार दिवस आधीच सांगितलं होतं. पुनवेला गिरण हाय, चंद्र लालच उगवणार, पाणी दिवसाच भरून ठेव. आईनं पाणी भरून ठेवलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"चार मान्सांत त्याला खोटं पाडू? दोन वर्सं कुत्रं विचारत नव्हतं त्याला. त्या दिशी समदे त्याच्याकडं बगून राह्यले होते." तिला धाप लागली. "आन् मी एकटीनं गोळ्या खात बसले असते, तर त्याच्यावर कुनी इस्वास ठेवला असता?"

मला तिचा इतका संताप आला की तिनं पाणी मागितलं ते मी मावशीला द्यायला सांगितलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तो संताप अजूनही गेलेला नाही. ती आठ दिवसांनी गेली. जग होतं तिथंच होतं.

माती देऊन आलो. लोक गेले. बाबा दाराकडे तोंड करून बसलेले, आणि त्या निळ्या ओळी बघून माझा तोल सुटला. मी सगळं सांगितलं: ऑफिसातलं पंचांग, ग्रस्तोदित म्हणजे काय, मी मुद्दाम गप्प बसले ते. "तुमचा चंद्र वर्षभर आधी छापून आला होता," मी म्हणाले. "उगवायच्या वेळेसकट."

मला वाटलं, आधी का सांगितलं नाहीस असं बाबा विचारतील. मी त्याचीच वाट बघत होते, उत्तरं तयार होती.

त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला ठाव होतं का?"

त्या क्षणी एका शब्दात त्या माणसाला मोडता आलं असतं. तो शब्द माझ्या तोंडात आला होता.

"नाही," मी म्हणाले. "तिला काही माहीत नव्हतं. तिचा तुमच्यावर विश्वास होता."

बाबांनी मान डोलावली. माझं त्यांना खरं वाटलं.