तांबड्या पाण्यातला पाला

माझ्या बाबांचा एका माशावर जेवढा विश्वास होता तेवढा आईवर असता, तर आम्ही गोराई सोडून कितीतरी आधी बोरीवलीला आलो असतो. हे मी रागाने लिहिते आहे. राग नेमका कुणावर, ते मात्र मला आजही धड सांगता येत नाही.

मासा म्हणजे पाला. बंगाली लोक त्याला हिलसा म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. तो राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत जातो. पावसात पूर आला की तांबडं गढूळ पाणी खाडीत उतरतं, आणि त्या पाण्याच्या ओढीने पाला वसईच्या खाडीत शिरून उल्हास नदीत चढायला लागतो. आमची माणसं खाडीच्या तोंडाशी जाळी लावून त्याला गाठायची. मी लहान असताना श्रावणात आई टोपलीभर पाले घेऊन तरीने खाडी ओलांडून बोरीवलीच्या बाजारात जायची आणि दुपारच्या आत रिकामी टोपली घेऊन यायची.

मग पाला कमी होत गेला. रंगीत टीव्ही आले त्या सुमाराला तर तिच्या टोपलीत बोंबील-मांदेलीशिवाय काही नसायचं. तिच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, आमच्या सोसायटीत वॉचमनची जागा आहे, राहायला खोलीही मिळेल. आई हरखली. शेजारच्या उत्तन गावचा एकजण बाबांची होडी विकत घ्यायला तयार होता. बाबा ऐकेनात. रोज खडाजंगी. शेवटी त्यांनी एवढंच कबूल केलं, की या पावसात पाला आला तर होडी राहील, नाही आला तर विकू. आई म्हणाली, देवाची शपथ घ्या. त्यांनी होडीची घेतली.

श्रावण कोरडा गेला. बाबा रोज सकाळी खाडीचं पाणी बघून यायचे आणि घरात चिडचिड करायचे. पाला यावा असं मला वाटायचं, आणि येऊ नये असंही. बोरीवलीला घरात नळ होता, आणि विहिरीवरून हंडे वाहून माझी मान मोडली होती.

एका सकाळी बाबा जवळजवळ धावतच आले. पाणी तांबडं झालं होतं. आई म्हणाली, पावसाचा थेंब नाही, पूर आला कुठून? वर घाटाकडे पडला असेल, तुला खाडीतलं काय कळतं, म्हणून त्यांनी तिला गप्प केलं. ते एकटेच नव्हते. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी होड्या काढल्या. तांबडं पाणी म्हणजे पूर आणि पूर म्हणजे पाला, हे पिढ्यान् पिढ्या शिकलेली माणसं ती. पाणी कारखान्यांच्या रंगानेही तांबडं होतं हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून?

संध्याकाळी बाबा एक पाला घेऊन आले. अख्ख्या जाळ्यात एकच, पण चांगला मोठा, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, पोट फुगलेला. एक आला म्हणजे मागे बाकीचे असणारच, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. आईचा चेहरा उतरला.

मी जाळं धुवायला घेतलं. चिखल बादलीभर पाण्यात निघतो. हा रंग निघेना. माझे तळवे मेंदी लावल्यासारखे लाल झाले आणि त्यांना औषधाचा वास यायला लागला. मी आईला हात दाखवले. तिने पदराने पुसून पाहिले आणि चूल पेटवली.

आमच्यात पहिला पाला विकत नाहीत. तो घरात शिजवून सगळ्यांनी संपवायचा. ताटात उष्टा टाकला तर मागून येणारे पाले वाटेतूनच परत फिरतात, अशी समजूत. आईने नेहमीसारखी चिंच घातली, लसूण जास्त घातली, तरी कालवणाला रॉकेलचा वास येतच राहिला. पहिला घास मी बाहेर जाऊन थुंकले. आईने ताट सरकवलं आणि बाबांना म्हणाली, टाकून द्या, पोट बिघडेल.

"पयला पाला कोन टाकत नाय," ते म्हणाले.

त्यांनी आपलं ताट संपवलं. मग आईचं ओढून घेतलं, मग माझं. खाली मान घालून, काटे कडेला काढत ते खात होते. मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं. शेवटी गाबोळी उरली. ती तोंडाशी नेताना त्यांचं लक्ष माझ्या तळव्यांकडे गेलं. त्यांनी हात खाली घेतला, उठले, आणि ती गाबोळी मुठीत धरून खाडीकडे चालत गेले. दारातून मला दिसलं, त्यांनी ती पाण्यात भिरकावली.

परत येऊन ते आईला म्हणाले, "मागच्यांना सांगून आलो, येव नका. उत्तनवाल्याला बोलव."

पाला तर आला होता. बोलल्याप्रमाणे होडी राहायला हवी होती, पण ते आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.