हातमोज्यावरची पट्टी

माझ्या हार्लन मामाला गावातली पोरं 'पट्टीवालं भूत' म्हणतात. म्हणू देत. माझ्यासमोर मात्र म्हणायचं नाही.

मामा गावच्या टीव्ही केंद्रात असतो. कार्यक्रम लावायचा, जाहिरात टाकायची, वादळाची सूचना आली की पडद्यावर अक्षरांची पट्टी सोडायची, सगळं त्याच्या हातात. मी दहावीत शाळा सोडली तेव्हा त्यानंच मला तिथं फोन उचलायला बसवलं. एकटा जीव, बायको नाही, पोरं नाहीत. पण ख्रिसमसच्या आधी हातमोज्याचा सिनेमा लागतो ना, त्या संध्याकाळी स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून यायची. लोकरीचा लाल हातमोजा हरवतो अन् बर्फातून आपला जोडीदार शोधत फिरतो, तो सिनेमा. वर्षातून एकदाच लागतो. चुकला की बसा पुढच्या डिसेंबरपर्यंत.

मागच्या वर्षी सिनेमा संपत आला होता अन् शेरीफच्या पोलीस कचेरीतून फोन आला. वादळ येतंय, हमरस्ता बंद. मी कागदावर लिहून मामाच्या हातात दिलं. हातमोजा नुकताच त्या शेवटच्या खिडकीशी पोचला होता, जिच्या आत त्याचा जोडीदार असतो.

"थांब गं," मामा म्हणाला. "एवढं होऊ दे. पोरं वर्षभर वाट बघतात."

सिनेमा संपला, मग पट्टी सोडली.

तोवर गावातला एल्डन घरातून निघाला होता. बायकोला, मर्नाला, साखर कारखान्यातून आणायला. निघेपर्यंत पोरांसोबत सोफ्यावर बसून तोच सिनेमा बघत होता. गाडी बर्फात रुतली. सकाळी सापडला. जगला, पण एका पायाची बोटं कापावी लागली.

गाव म्हणालं, वादळच तसं होतं. कागदाचं कुणालाच माहीत नव्हतं. मामाचं मात्र जेवण सुटलं. उन्हाळ्यात एक दिवस म्हणाला, "वांडा, गाडी काढ. एल्डनकडे जायचंय."

एल्डन पायरीवर बसला होता, काठी बाजूला. मामानं टोपी हातात धरून उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे कागद तुझ्या हातात होता?"

"होता."

आत मर्नाची भांडी थांबली. एल्डननं बुटाकडे बघितलं. मग म्हणाला, "पोरांनी शेवट पाहिला?"

"पाहिला."

"चला. तेवढं तरी झालं."

परत येताना मामा म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं."

"पुरे आता! वादळ काय तू आणलंस?"

"कागद मी धरून बसलो."

यंदा सिनेमाच्या संध्याकाळी मामा चुरगळलेल्या शर्टातच आला. शेरीफचा फोन आला तो रात्री भुरभुर बर्फ पडेल, गाडी जपून चालवा एवढाच. मामानं लगेच पट्टी सोडली. ऐन खिडकीच्या वेळी, आणि एवढी जाड की हातमोजा दिसेना. फोन खणखणायला लागले.

"अगं, डोकं फिरलंय का त्याचं? माझी पोरगी रडून लाल झालीय!"

"पाणी पाजा तिला, काकू. माझ्या मामाला काही बोलायचं नाही."

"बाहेर चांदणं पडलंय! म्हाताऱ्याला खिडकी नाही का?"

"आहे. तुम्हाला वाचता येतं का?" आपटलाच मी फोन.

पुढचा आवाज बारीक होता. एल्डनची पोरगी, बेकी. "बाबा म्हणाले, हार्लनकाकांना दे."

मी फोन ठेवूनच देणार होते, पण मामानं हात पुढे केला. मी कान लावून ऐकलं.

"काका, बाबांनी पट्टी वाचली. बूट काढून ठेवलेत. आई आज कारखान्याजवळ मैत्रिणीकडे राहणार."

मामानं पडद्यावरच्या पट्टीकडे बघितलं.

"पण काका, हातमोजा पोचला का? आम्हाला काही दिसलंच नाही."

"पोचला गं बाळा," मामा म्हणाला.

फोन ठेवला. पट्टी काही काढली नाही.