वहिनीचं तात्पुरतं

आमच्या घरात एकही वस्तू धड नाही, हे मी कुणालाही आधीच सांगून टाकते. खुर्चीच्या पाठीला सुतळी गुंडाळलेली, कपाटाच्या मुठीला जुन्या स्वेटरची बाही चढवलेली, स्वयंपाकघराच्या दाराला परकराच्या नाडीची गाठ. हे सगळं माझ्या वहिनीचं काम. "हे काय ध्यान करून ठेवलंयस?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं. "असू दे गं, तात्पुरतं आहे." आमच्याकडचं तात्पुरतं कधी संपल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मिस्त्रीला बोलावणं म्हणजे तिला स्वतःचा पराभव वाटतो. माझ्या दादाच्या चष्म्याची काडीसुद्धा तिने दोऱ्याने बांधली आहे आणि तो मुकाट्याने तसाच ऑफिसला जातो.

यातल्या निम्म्या चिंध्या दुरुस्तीच्या, निम्म्या आईच्या. माझ्या आईची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून वहिनीने घरभर खुणा बांधल्या. हाताला सुतळी लागली की खुर्ची, बाही लागली की कपाट, गाठ लागली की स्वयंपाकघर. आई या घरात इतकी बेधडक चालते की नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही. मला चांगलं दिसतं, तरी स्टुलाला रोज ठेचकाळते ती मीच.

तर गेल्या महिन्यात आमचे जुने घरमालक गेले आणि घर त्यांच्या बहिणीकडे आलं. बाई हॉस्पिटलमधून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. आल्या आल्या खालच्या मजल्यावर राहायला लागल्या आणि आम्ही घाबरून त्यांचं नाव 'मेट्रन' ठेवलं. त्यांच्या छतावर, नेमका आमच्या स्वयंपाकघराखाली, ओलीचा डाग होता. जिन्यात दादाला गाठून त्यांनी सुनावलं, "रविवारी वर येऊन बघते. पाणी गळताना दिसलं, तर तुम्ही दुसरं घर बघा."

दादाचा चेहरा पडला. मी म्हटलं, आईचं सांगू या ना त्यांना, माणूसच आहेत. तर आई माझ्यावर कडाडली.

"माझ्या डोळ्यांच्या नावावर घर मागायचं नाही. कुणी तोंड उघडलंत तर याद राखा."

त्यावर कुणाची काय बिशाद! पण त्याच संध्याकाळी, मी तिची वेणी घालत असताना, तिने हळूच विचारलं, "नव्या घरात बाथरूम कुठल्या हाताला असेल गं?" काहीतरी थातूरमातूर बोलून मी वेळ मारून नेली.

रविवारी दुपारी आई आतल्या खोलीत झोपली होती. वहिनी बिस्किटं आणायला गेली आणि मी अंघोळीला. एवढ्यात दादाला घर आवरायचा झटका आला. ज्या माणसाने जन्मात चादरीची घडी घातली नाही, त्याने कात्री घेतली आणि घरातली एकूण एक चिंधी कापून काढली. पिशवीत भरली, खाली नेली आणि उभ्या असलेल्या कचरागाडीत टाकूनही आला. मी बाहेर आले तर स्वारी कमरेवर हात ठेवून उभी.

"बघ! आता कसं माणसाचं घर दिसतंय."

"दादा, अरे, आईच्या खुणा!"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि त्याचे हात कमरेवरून आपोआप खाली आले. तेवढ्यात वहिनी दारात. तिने एक नजर फिरवली. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं, पण तिच्या मागोमाग जिन्यात चपला वाजल्या आणि मेट्रनबाई आत आल्या.

वहिनी हसून "या ना" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी तिच्या मागे गेले. तिने पातेलं बेसिनमध्ये धरलं, नळ फिरवला आणि अख्खा नळ तिच्या हातात आला. त्याचे आटे कधीचेच झिजले होते. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीवर आणि वरून आवळलेल्या चिंधीवर तो तगून होता. छतावरच्या डागाचं मूळही बहुधा तिथेच असावं. दादाने चिंधीबरोबर पट्टीही काढली होती. पाण्याची चिळकांडी थेट समोरच्या भिंतीवर गेली. वहिनीने नळ परत भोकात खुपसला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"वरच्या टाकीचा कॉक बंद करायला सांग ह्यांना," ती कुजबुजली.

"गच्चीला कुलूप आहे. किल्ली बाईंकडे असते."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. किल्ली मागायची, तर कशाला हवी ते सांगावं लागणार. म्हणजे बाई जाईपर्यंत वहिनीने तसंच उभं राहायचं, एवढाच मार्ग उरला होता. तिच्या बोटांच्या फटींतून पाणी ठिबकायला लागलं. मी खाली परात लावली, तिच्या आजूबाजूला टॉवेल अंथरले आणि बाहेर जाऊन खोटं हसले.

बाई अजिबात घाईत नव्हत्या. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून धूळ बघत होत्या. दादा त्यांच्या मागे मागे फिरत भलतंसलतं बोलत होता. हवा किती छान येते, शेजार किती शांत आहे! वर्षानुवर्षं त्याच इमारतीचं भाडं घेणाऱ्या घरातल्या बाईला हा सांगतोय. माझं निम्मं लक्ष त्याच्याकडे आणि निम्मं आतल्या परातीकडे. आतून वहिनी उगाचच भांडं वाजवायची, ठिबकण्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुमच्या वहिनी बाहेर येत नाहीत?" बाईंनी मला विचारलं.

"चहा उकळतोय," मी म्हटलं. गॅस पेटवलेलाच नव्हता.

"मग मीच आत जाते. बघायचं आहे ते स्वयंपाकघरच."

दादा वाटेत आडवा झाला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बाजूला सरला. त्या दारापर्यंत पोहोचल्या असतील-नसतील, तोच आतल्या खोलीतून आई बाहेर आली. पाहुण्यांचा आवाज ऐकून तिला जाग आली होती. साडी नीट केलेली, चेहऱ्यावर हसू, पाऊल नेहमीसारखं ठाम.

"बसा ना, उभ्या का?" ती म्हणाली आणि तिने खुर्चीसाठी हात पुढे केला.

हाताला गुळगुळीत लाकूड लागलं. आईने हात मागे घेतला. थोडी वळली आणि कपाट चाचपलं. तिथे गार लोखंडी मूठ. तिचं हसू मावळलं. दोन पावलं मागे आली, वळली, पुन्हा वळली, आणि हॉलच्या मधोमध हात हवेत धरून उभी राहिली. आपल्याच घरात तिला आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं होतं.

स्वयंपाकघरातून वहिनीला ते दिसलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. हात सोडून ती धावली. मागे नळ उडाला आणि पाण्याचा फवारा सुटला, पण तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाईंना जवळजवळ ढकलूनच ती पुढे गेली आणि तिने आईचा हवेतला हात धरला.

"आई, मी आहे. खुणा ह्यांनी काढल्यात. तुम्ही हॉलमध्ये आहात, खुर्ची तुमच्या उजवीकडे."

"तू भिजलीस कशी?" आईने विचारलं.

बाईंनी आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. कमरेची किल्ली काढून दादाच्या अंगावर फेकली आणि हॉस्पिटलमधल्या आवाजात ओरडल्या, "बघत काय उभे आहात? पळा!" दादाने गच्चीकडे धूम ठोकली. बाईंनी पदर खोचला, टॉवेल उचलला आणि माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून लादी पुसायला लागल्या. छत त्यांचंच होतं म्हणा!

पाणी थांबलं. घर गेलं, हे आम्ही धरूनच चाललो होतो. वहिनीला मात्र राहवेना. ती दादावर तुटून पडली, "सुतळी काढलीत, बाही काढलीत, आता आई चालणार कशा? तुम्हाला नुसतं चकचकीत हवं!" त्या भरात कुठली चिंधी कशासाठी होती, ते सगळं बाईंच्या देखत बोलून गेली. आईने डोळे मिटून घेतले. नको असलेली गोष्ट झालीच होती.

बाई उठल्या. आता काय सुनावतात, कोण जाणे.

"उद्या प्लंबर येईल. मी पाठवीन. ह्या नळाला पुन्हा चिंधी बांधलेली मला चालणार नाही," त्या वहिनीला म्हणाल्या.

मग त्यांनी कमरेचा रुमाल काढून पिळला आणि कपाटाच्या मुठीला घट्ट बांधला. बांधून झाल्यावर आईचा हात धरून त्यावर ठेवला.

"हे कपाट," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमच्या सूनबाई बांधतील."

आई कितीतरी वेळ त्या रुमालाची गाठ चाचपत राहिली.

नळ नवा आला. रुमाल अजून तिथेच आहे. परवा जिन्यात बाई भेटल्या तेव्हा मी म्हटलं, तुमचा रुमाल परत द्यायचा राहिलाय.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तात्पुरता आहे."