मनिरामचा गेटवरचा फोटो

मोहाडी सोडली त्या सकाळी मुलाने घराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. माझे मालक वारून वर्ष झालं होतं. शेत ठेक्याने दिलं होतं. म्हाताऱ्या बाईने एकटं राहून काय करायचं, असं सगळ्यांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर माझंही. माझा धाकटा भाऊ मनिराम माहेरून, एकोडीहून आला होता. त्याने माझं गाठोडं पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये चढवलं आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला. रडायलाही वेळ नव्हता, ड्रायव्हर घाई करत होता.

तिकडे राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण इकडे आलेल्यांच्या पोरांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पण आपल्या पायाने येत नाहीत. भाऊ घ्यायला जातो. आई म्हणायची, "घ्यायले आल्याबिगर येऊ नोको. लोकं म्हणतीन, भांडून आली." मनिराम दर मंडईला मला घ्यायला मोहाडीला यायचा. आधी सायकलने, मग एसटीने.

मी पुण्याला आल्यावर तो फोन करू लागला, ये म्हणू लागला. मी म्हणायची, "फोनवर कोणी नेत असते काय रे?" दोन मंडया अशाच गेल्या. मी हट्टाने गेले नाही.

इथे सोसायटीच्या गेटवर वॉचमन येणाऱ्याचा फोटो मोबाईलने काढतो. तो फोटो वर घरच्यांच्या मोबाईलवर, ॲपमध्ये दिसतो. खाली एक हिरवं बटण, एक लाल. हिरवं दाबलं की माणूस आत. हे काम सुनेच्या मोबाईलवर चालायचं. पण ती दुपारी ऑफिसात मोबाईल बंद ठेवते, म्हणून मुलाने माझ्याही मोबाईलवर ते टाकलं आणि समजावून सांगितलं. मी हो म्हटलं. मी चौथी शिकले. हो म्हटलं की मुलगा आपल्या कामाला लागतो, एवढं मला कळतं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, तिसऱ्या मंडईच्या तोंडावर, दुपारी मी मेथी निवडत होते. घरी कोणी नव्हतं. मोबाईल वाजला आणि त्यात मनिराम दिसला. शर्टाचं गळ्यापर्यंत बटण लावलेलं, हात सरळ खाली, डोळे समोर. मागे पिवळा-काळा दांडा. मला वाटलं, साकोलीच्या हायवेवर टोल नाक्यापाशी उभा असेल आणि त्याच्या पोराने, माझ्या भाच्याने, काढून पाठवला असेल. किती वाळला, असं वाटलं. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि त्याच्याकडे पाहत मेथी निवडली. थोड्या वेळाने फोटो गेला. म्हटलं, सून आली की काढून देईल.

संध्याकाळी वॉचमन एक थैली घेऊन वर आला. त्यात नवा तांदूळ होता आणि उकडलेले शिंगाडे, आमच्या तलावातले. ते पाहिले आणि कळलं, मनिराम मला घ्यायला खाली गेटवर आला होता. वॉचमन म्हणाला, इंटरकॉम वाजवला, तो तुमचा बंद आहे. बाबांचा मोबाईलही बंद पडला होता. बाबांना मी सांगितलं, फोटो वर गेला आहे, पाहिलाही असेल, पण उत्तर येत नाही. ते बराच वेळ कट्ट्यावर बसले. मग थैली दिली आणि गेले. फोटो काढताना त्यांनीच थैली बाजूला सरकवली, म्हणाले, फोटो बरा आला पाहिजे.

मुलगा स्टेशनवर जाऊन शोधून आला. मनिराम सापडला नाही. त्याचा फोन दोन दिवस बंद होता. मग लागला.

"पाह्यला ना फोटो?" त्याने विचारलं.

"पाह्यला. पण मले वाटलं, तो फोटोच आहे."

"फोटोच होता, बाई. तो वर गेला, मी खाली राह्यलो."

मी सगळं समजावलं. भाच्यानेही समजावलं. मनिराम हो म्हणाला. ते कसलं हो होतं, ते मला ओळखता येतं.

पुढच्या मंडईला त्याचा फोन आला नाही, तोही आला नाही. मी एकटीच एकोडीला निघाले. दारात पाहून तो म्हणाला, "कोणासंग आली?" एकटीच, म्हटलं. "शिकली म्हणायची बाई. मंग येत जा अशीच." वाईट बोलला नाही. सतरंजी टाकली, चहा कपबशीत दिला, जसा पाहुण्याला देतात. आमच्या घरी मी नेहमी पेल्यात चहा प्यायले आहे.

दुसऱ्या दिवशी मंडईत शेजारची म्हातारी भेटली. "काहो बाई, इतक्या लांबून कोण आणलं तुमाले?" मनिराम शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "हाच तं आलता घ्यायले. पार पुण्यालोक आलता." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पण खोटं आहे, असंही म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी तो येईल का, ते मी विचारलं नाही. कोणी आणलं म्हणून विचारणारी माणसं आहेत, तोवर एकोडी माझी आहे. पुण्यात मला कोणी आणलं, ते आजवर एकानेही विचारलेलं नाही.