धुऊन पुसून ठेवलेले खेकडे

रेवा, ईशान, तुमच्या आत्याचं संशोधन आम्ही भाकरीबरोबर खाल्लं.

परवा फोनवर रेवाने विचारलं, "खेकड्याचं नाव काढलं की आत्या तुझ्याकडे अशी का बघते?" याचं उत्तर तुमचे आजोबा द्यायच्या आत मीच लिहिते. त्यांच्या तोंडी प्रत्येक गोष्टीत मी जरा जास्तच मूर्ख असते.

अनघा, म्हणजे तुमची आत्या, आपल्या भागातल्या ओढ्यांमधल्या खेकड्यांवर पीएचडी करत होती. पेशींमध्ये मायटोकाँड्रिया नावाचे बारीक घटक असतात. त्यांचा स्वतःचा छोटासा जीनोम असतो आणि तो मुलांना आईकडूनच मिळतो. तो वाचून, कोणता खेकडा कुठल्या घराण्यातला आणि ती घराणी कधी वेगळी झाली, हे ती शोधत होती. ("बापाकडून काहीच नाही?" आजोबांनी विचारलं. "नाही, बाबा." "म्हणजे खेकड्यांतही तेच!")

उन्हाळ्यात तिच्या प्रयोगशाळेतला फ्रीजर बंद पडला आणि नमुने आपल्या चिंचवडच्या फ्रीजरमध्ये आले. चार ओढ्यांतले खेकडे, वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर ओढ्याचं नाव. आणि पिशव्या चिखलाने बरबटलेल्या! माझ्या फ्रीजरमध्ये मटारसुद्धा रांगेत झोपतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. अनघा घरात नव्हती. मी खेकडे बाहेर काढले, नळाखाली धुतले, पुसले आणि एका स्वच्छ डब्यात भरले. पिशव्या टाकून दिल्या. डब्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'खेकडे'.

त्याच आठवड्यात आजोबांना खोकला झाला आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, तारावन्संनी, भावासाठी जुन्नरहून एसटी पकडली. मी भाजी घेऊन परतले, तर जिन्यातच मसाल्याचा वास!

"वन्सं, हे काय?"

"खेकड्याचा रस्सा. खोकल्याला याच्यावानी औशिद न्हाई. डबा बगितला अन् म्हनलं, वैनीनं तर समदी तयारीच करून ठिवलीया!"

"अहो, ते अनघाच्या अभ्यासाचे होते!"

"मंग तिलाबी ठिवलाय की वाटीभर."

पाय खलबत्त्यात कुटून त्यांचा रस गाळून झाला होता. नांग्या तेवढ्या अख्ख्या होत्या. रस्सा फेकून कोणी जिवंत होणार नव्हतं. आम्ही जेवलो. (चव चांगली होती. वाईट वाटतं, पण होती.)

संध्याकाळी अनघा आली. "आई, पिशव्या कुठे गेल्या?"

मी आधी धुण्याचं सांगितलं, मग रश्शाचं. ती फ्रीजरला टेकून फरशीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन ओढ्यांत परत मिळतील," ती हळूच म्हणाली. "निघोज्यातला ओढा बुजवलाय, आई. ते शेवटचे होते."

निघोजे म्हणजे आजोबांचं गाव, वन्संचं माहेर. वन्सं उसळल्या, "बुजवतंय कोन? वढा हाय तो, खड्डा न्हाई!"

सकाळी गाडी काढून आम्ही सगळे गेलो. ओढ्याच्या जागी मुरूम दाबलेलं सपाट मैदान होतं आणि त्यावर कंटेनरच्या गाड्या उभ्या होत्या. वॉचमन धावत आला. "मावशी, आत नाही यायचं. कंपनीची जागा आहे."

"कंपनी कालची. आमी हितं धुनी धुतल्यात. पानी कुटं गेलं रं?"

त्याने भिंतीखालच्या पाइपाकडे बोट दाखवलं. त्यातून फेस येत होता.

परतताना कुरुळी गाव मागे पडलं. मग वन्संनी विचारलं, "म्हंजी शेवटची म्या रांधली व्हय, वैनी?"

"रांधली तुम्ही. खाल्ली सगळ्यांनी," मी म्हणाले. दिलासा देणं मला कधी जमलेलं नाही.

घरी येताच अनघाने हातमोजे चढवले आणि कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी केली. नेमक्या शेजारच्या काकू डोकावल्या. "काही हरवलं का?"

"एक घराणं," आजोबा म्हणाले.

"शिजलेल्यातून काय मिळणार गं?" मी विचारलं.

"त्या जीनोमच्या एकेका पेशीत पुष्कळ प्रती असतात. एखादी तगली असेल तर बघते."

बहुतेक नांग्यांतून काहीच निघालं नाही. एकीतून मात्र निघालं, तुकड्यातुकड्यांनी. अनघाने उरलेल्या तिन्ही ओढ्यांतले नवे खेकडे आणून ते ताडून पाहिलं. कोणाशीच जुळेना! म्हणजे नांगी निघोज्याची. तिचं घराणं बाकीच्यांपासून फार पूर्वी वेगळं झालेलं, असं अनघा म्हणते.

ओढा नाही. वन्संही आता नाहीत. अनघाकडे एका इवल्याशा कुपीत त्या नांगीतला थेंबभर अंश आहे. निघोज्याच्या खेकड्यांचं जगात तेवढंच उरलं आहे, आणि तेही माझ्या कवळीला ती नांगी फुटली नाही म्हणून!